रविवारच्या पोळ्या सगळ्यांनी मिळून: कणीक सैल पडते, पोळी वातड होते, भाकरी तुटते

मुलुंड_पूर्व

घरात चौघं. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. रविवारी पोळ्या आणि अधूनमधून ज्वारीची भाकरी सगळ्यांनी मिळून करायची असं ठरलंय. जाणकारांकडून नेमकी मापं हवी आहेत. सध्याची पद्धत अशी:

पाकिटातलं गव्हाचं पीठ अर्धा किलो, मीठ, दोन मोठे चमचे तेल. पाणी अंदाजाने, एकदम ओतून. मळलं की लगेच लाटायला घेतो. नवरा आणि मुलं आधी सगळ्या पोळ्या लाटून ताटात रचतात, मग मी भाजते. तवा नॉनस्टिक, गॅस पाइपचा, आच मंद, कारण मुलं आसपास असतात.

काय बिघडतं: शेवटच्या पाच-सहा गोळ्यांपर्यंत कणीक चिकट होते. रचलेल्या पोळ्या एकमेकींना चिकटतात, फुगत नाहीत. सोमवारी डब्यात दिलेली पोळी दुपारपर्यंत वातड होते. आणि ज्वारीची भाकरी थापतानाच कडेने चिरते, उचलली की दोन तुकडे. मुलांना कोणकोणती कामं द्यावीत तेही सांगा.

कालथा

ताई, आधी सगळ्या लाटून ठेवणं पहिलं बंद करा. तुमच्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात. लाटलेली पोळी पाच मिनिटं पडून राहिली की वरून सुकते आणि खालून ओलसर होऊन ताटाला धरते. उचलताना बारीक फाटते. तव्यावर पोळी फुगते ती आतल्या वाफेने, आणि फाटलेल्या जागेतून ती वाफ निघून जाते. सुकलेला वरचा थर ताणला जात नाही, चिरतो.

म्हणून तव्याच्या गतीने लाटायचं. तव्यावरची पोळी पहिल्यांदा उलटली की पुढची लाटायला घ्यायची. फार तर एक पोळी थांबलेली चालेल, तीही कोरड्या फडक्यावर एकेरी पसरून.

आता कणीक. अर्ध्या किलोला ३२० मिलीच्या आसपास पाणी लागतं. पाकिटातलं पीठ बारीक असेल तर ३३०-३४० पर्यंत जाईल. हे पाणी एकदम घालू नका. आधी ३०० मिली घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत नुसतं गोळा करा आणि परातीवर झाकण ठेवून दहा मिनिटं सोडून द्या. कोंडा पाणी सावकाश पितो. सुरुवातीला कोरडी वाटणारी कणीक दहा मिनिटांनी बरोबर झालेली असते, आणि नेमक्या त्या कोरडेपणाला घाबरून आपण जास्तीचं पाणी ओततो. मग कणीक मुरताना आणखी सैल पडते. तुमचे शेवटचे गोळे चिकट होतात ते यामुळे.

दहा मिनिटांनंतर हात ओला करून सहा-सात मिनिटं तिंबा. कमी वाटलं तर राहिलेलं पाणी चमच्याचमच्याने. बोट दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला आणि बोटाला पीठ चिकटलं नाही की झालं. मीठ एक छोटा चमचा, तेल दोन छोटे चमचे, तेही शेवटी. दोन मोठे चमचे जास्त होतात. तेल सुरुवातीलाच पिठाला चोळलं तर कणकेला ताण कमी येतो, पोळी खुसखुशीत होते पण मऊ पदर सुटत नाहीत. मग वरून तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवायची. हा अर्धा तास वाचवू नका. न मुरलेली कणीक लाटताना मागे ओढली जाते, आणि मुलं ती पसरावी म्हणून लाटण्यावर सगळा भार टाकतात. मधे पातळ, कडेला जाड, अशी पोळी त्यातूनच होते.

साधारण ४५ ग्रॅमचा एक गोळा धरा, म्हणजे अठरा पोळ्या. एकदा काट्यावर तोलून दाखवा, मुलांचा हात लवकर बसतो.

घडी घालताना: चार इंचाची पुरी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, त्यावर चिमूटभर पिठी, अर्धी दुमड, पुन्हा तेल, पुन्हा दुमड. तेल काठापर्यंत नेऊ नका, काठ निसटतात आणि पोळी कडेनेच उघडते. मग त्या त्रिकोणाची कोनं आधी हलकी दाबून गोल करायची आणि सात इंचांपर्यंत लाटायची. जोर कडांवर, मधोमध नाही.

मुलुंड_पूर्व

कणकेचं कळलं. पण वातड होण्याचं कारण तव्यात आहे की डब्यात?

कालथा

दोन्हींत, पण आधी तव्यात. मंद आचेवर पोळीला अडीच-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात तिचं पाणी उडून जातं. गरम असताना मऊ लागते, गार झाल्यावर चामड्यासारखी. चांगल्या तापलेल्या तव्यावर एक पोळी सव्वा मिनिटात व्हायला हवी: पहिली बाजू १५-२० सेकंद, बारीक फोड दिसू लागले की उलटायची, दुसरी बाजू ३५-४० सेकंद, पुन्हा उलटून फडक्याने कडा हलक्या दाबायच्या की वाफ पसरते आणि पोळी फुगते. पहिली बाजू जास्त भाजली तर ती कडक होते, मग कितीही दाबा, फुगत नाही.

तवा तापला का ते पाहायला चिमूटभर पीठ टाका. दहा-बारा सेकंदांत बदामी झालं तर ठीक. पडताक्षणी काळं झालं तर आच कमी करा, पांढरंच राहिलं तर थांबा.

नॉनस्टिक तवा पोळीसाठी नको. तो रिकामा मोठ्या आचेवर तापवायचा नसतो, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो. म्हणून आच मंद ठेवावी लागते आणि मंद आचेवर पोळी वाळते. तीन-चार मिलिमीटर जाडीचा लोखंडी तवा घ्या. पायधुनीजवळ तांबाकाट्याला किंवा जवळच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. नवा तवा घासून, तापवून, तेल आणि अर्धा कांदा फिरवत तीन-चार वेळा तेल जिरवून घ्यायचा. दोन पोळ्यांच्या मधे सुती फडक्याने पिठी पुसून काढा. तव्यावर राहिलेली पिठी जळते आणि पुढच्या पोळीला कडू वास लावते.

आणखी एक. शेगडी आधी सिलिंडरवर चालत होती का? पाइपच्या गॅसला जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, छिद्र मोठं लागतं. जोडणीच्या वेळी जेट बदलला नसेल तर पूर्ण उघडूनही आच पुरत नाही. ते काम गॅसवाल्या फिटरकडूनच करून घ्या. सुईने छिद्र मोठं करणं धोक्याचं आहे.

चाळीतला_ओटा

डब्याचं मी सांगते. भाजलेली पोळी सरळ स्टीलच्या डब्यात टाकली की खालची वाफेने भिजते आणि वरची सुकते. आधी जाळीवर किंवा सुपलीत मिनिटभर ठेवायची, तूप लावायचं असेल तर तेव्हाच, मग दुपदरी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. जास्तीची वाफ फडकं पितं आणि नंतर तोच ओलावा पोळीला परत देतं. फडकं रोज धुतलेलं हवं, मुंबईच्या दमट हवेत त्याला एका दिवसात आंबूस वास येतो.

रविवारची पोळी सोमवारी द्यायची असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. शिजलेला स्टार्च त्या थंडीत सगळ्यात भराभर आवळतो आणि पोळी बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर कडक होते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी १५-१५ सेकंद कच्ची-पक्की भाजून, गार करून, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी सरळ तापल्या तव्यावर टाकायची, ती ताजीसारखी फुगते.

आता मुलांची कामं. मुंबईतला ओटा दोन माणसांपुरताच असतो, चौघं तिथे उभे राहिले की कोपर कोपराला लागतं आणि तवा मधे असतो. म्हणून लाटणं ओट्यावर नकोच. जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर जुनी चादर घालून पोळपाट तिथे मांडा. पोळपाटाखाली ओलं फडकं घडी करून ठेवा, म्हणजे तो हलत नाही. मुलांचे वेडेवाकडे हात म्हणून आपण जे म्हणतो त्यात डगमगणाऱ्या पोळपाटाचाही भाग असतो. मुलाला बारीक, हलकं लाटणं द्या. जाड लाटण्याच्या वजनानेच कणीक दबते.

सात वर्षांच्या मुलाला गोळे करणं, तोलणं, पिठी लावणं आणि घडीत तेलाचं बोट फिरवणं. शेवटचं काम लहान बोटं फार नीट करतात. अकरा वर्षांच्या मुलीला पूर्ण पोळी लाटता येईल. तिला एकच गोष्ट सांगा: दोनदा लाटणं फिरवलं की पोळी पाव घेर फिरवायची. आकार गोल होतो तो या फिरवण्याने. झाकण दाबून गोल कापायला शिकवू नका. कापलेल्या कडा पुन्हा मळून पंधरा मिनिटं ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या गोळ्याची पोळी चिवट होते, आणि मुलांना कडेकडे बघायची सवयही लागत नाही.

तव्यापाशी मोठं माणूस एकटंच. फुगलेल्या पोळीतून बाजूने निघणारी वाफ बोट भाजते आणि ती दिसत नाही. पंखा बंद, खिडकी उघडी. मुलीला तव्यावर यायचं असेल तर आधी उलटायचं काम बंद गॅसवर, गार तव्यावर, कालथ्याने करून घ्या. सुती कपडे, बाह्या कोपराच्या वर.

साहेबांना मळायला द्या. अर्धा किलो कणीक सात मिनिटं तिंबायला मनगटात जोर लागतो.

गिरणवाला_लालबाग

वरचं सगळं बरोबर, पण पिठाबद्दल कोणी बोललं नाही. शक्य असेल तर गहू घेऊन गिरणीतून दळून आणा. पोळीला लोकवन किंवा सिहोर. लोकवन हे नाव लोक-१ या जातीवरून आलं, ती गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाली. लोकवनाची कणीक ताणाला चांगली, घडीच्या पोळीला तीच घ्या. सिहोरी शरबती दाणा गोडसर, पोळी जास्त मऊ. खपली गहू नवशिक्यांनी नुसता घेऊ नये. त्याची कणीक ताण धरत नाही, मुलांच्या हातात तुटते.

दळण घरी आणल्यावर ते गरम असतं. तसंच डब्यात भरून झाकण लावलं तर आत घाम सुटतो, गुठळ्या होतात आणि पीठ लवकर कोंदट होतं. कागदावर तासभर पसरा, गार करा, मग भरा. जून ते सप्टेंबर दोन-अडीच किलोच्या वर दळू नका. आणि पावसाळ्यात पीठ हवेतलं पाणी ओढून बसलेलं असतं, त्यामुळे वर दिलेल्या ३२० मिलीतून १५-२० मिली कमी धरा. उन्हाळ्यातल्या मापाने पावसात कणीक मळली की सैल पडणारच.

चाळणी बारीक वापरू नका. कोंडा सगळा गेला तर पोळी पांढरी दिसते पण चव जाते, आणि पाण्याचं मापही बदलतं.

ज्वारीचं सांगतो. तुमची भाकरी तुटते कारण पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेलेली असणार. पाकिटातलं ज्वारीचं पीठ किती दिवसांपूर्वी दळलं हे आपल्या हातात नसतं. घरी दळलेलं पंधरा दिवसांत संपवा. बाजरी तर आठ-दहा दिवसांतच कडू होते, तिच्यात तेल जास्त असतं. ज्वारी घेताना मालदांडी मागा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती हीच. भाकरी पांढरी आणि गोडसर होते.

गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळलेला असेल तर पहिलं अर्धा किलो पीठ मिसळीचं येतं. घरात कोणाला गहू चालत नसेल तर हे विचारून मगच दळा.

भाकरी_थापणारी

गव्हाच्या पिठाला पाणी लागलं की त्यात ताणला जाणारा चिकट पदार्थ तयार होतो, ग्लुटेन म्हणतात ते. ज्वारीत तो नाही. ज्वारीची भाकरी धरून राहते ती स्टार्चच्या चिकटपणावर, आणि जुन्या पिठात तो उतरलेला असतो. तो परत आणायला उकळतं पाणी लागतं. साधारण ७० अंशांच्या वर ज्वारीचा स्टार्च फुलून चिकट होतो. कोमट पाण्याने ते होत नाही.

चार भाकऱ्यांसाठी २५० ग्रॅम पीठ घ्या. त्यातलं मूठभर पिठीला काढून ठेवा. उरलेल्यावर खळखळ उकळलेलं १८० मिली पाणी, त्यात पाव चमचा मीठ. उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकून पाच मिनिटं ठेवा. ही झाली उकड. हाताला सोसवेल इतकी झाली की गार पाण्याचा हात लावत लावत मळा. सगळं पीठ एकदम मळून गोळे करून ठेवायचं नाही. एका भाकरीपुरतं घ्यायचं, तळहाताच्या मुळाने परातीवर घासत दोन मिनिटं रगडायचं, आणि लगेच थापायचं. ठेवलेला गोळा सुकतो आणि मग कडेने चिरतो. गोळा दाबून बघा, काठावर भेगा दिसल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा रगडा. भेगा असलेला गोळा थापताना सुधारत नाही.

परातीत पिठी भरपूर. वरून पीठ न लावता बोटांच्या पेरांनी, कडेकडेने, भाकरी फिरवत थापायची. फिरायची थांबली की खाली पिठी कमी पडली असं समजा, जबरदस्ती न करता कड उचलून आणखी सरकवा.

तव्यावर टाकताना पिठी लागलेली बाजू वर यायला हवी. टाकल्या टाकल्या तिच्यावर ओला हात फिरवायचा, काठापर्यंत, नाहीतर वर कोरडी पिठी राहते आणि भाकरी तडकते. पाणी सुकत आलं, पण अजून ओलसर चमक आहे, तेव्हाच उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर वरचा पापुद्रा फुटतो. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पाणी न लावलेली बाजू सरळ आचेवर. पापुद्रा सुटून फुगते. पाइपच्या गॅसवर आच पसरट मिळत नसेल तर जाळी ठेवा.

मुलांना थापू द्या, पण आधी दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये. पोळपाटावर कागद, त्यावर गोळा, वर कागद, आणि ताटलीने किंवा हाताने दाबत न्यायचं. अलगद सोडवता येतं. पाण्याचा हात आणि आचेवर धरणं मोठ्यांकडेच, तव्यावर पाणी पडलं की वाफ वर उसळते.

वेसावे_किनारा

ज्वारीआधी तांदळाच्या भाकरीवर हात बसवा, मुलांना जास्त सोपी. एक वाटी पाणी, चवीला मीठ, अर्धा चमचा तेल, उकळी आली की एक वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून झाकण. पाच-सात मिनिटांनी गरम असतानाच मळायचं. गार होऊ दिलं तर गुठळ्या राहतात. ही उकड इतकी एकजीव होते की थापण्याऐवजी लाटताही येते. पीठ धुऊन वाळवलेल्या तांदळाचं, जुन्या तांदळाचं घ्या. नव्या तांदळाचं पीठ चिकटतं. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा असेल तर त्यावर छान होते, पण तो तापायला वेळ घेतो, उकड झाकली की लगेच तवा चढवा.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. कणीक शनिवारी रात्री मळून ठेवली तर चालेल का? आणि कोणी दुधात मळतात, त्याने पोळी मऊ राहते का?

कालथा

रात्री मळलेली चालते, पण पाणी ३०० मिलीवरच थांबवा. रात्रभरात कणीक सैल होते. वरून तेल लावून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये. सकाळी वरून करडी दिसली तर घाबरू नका, कोंड्यातल्या द्रव्यांमुळे रंग उतरतो. आंबूस वास आला तर मात्र टाकून द्यायची. लाटायच्या आधी पाऊण तास बाहेर काढून ठेवा; थंड कणीक मागे ओढली जाते. चोवीस तासांच्या पुढे ठेवू नये.

दुधाने मऊपणा येतो, पण दूध घातलेली कणीक त्याच दिवशी संपवायला हवी आणि तव्यावर लवकर लाल होते, कारण दुधातली साखर. प्रवासाला किंवा डब्याला देत असाल तर पाण्यातच मळा. मऊपणासाठी अर्धा तास मुरवणं आणि तापलेला तवा पुरेसा आहे.

चाळीतला_ओटा

थोडी दुरुस्ती. दूध अर्धं, पाणी अर्धं घेतलं तर पुरणपोळीच्या कणकेला चांगलं, तिथे रंग हवाच असतो. रोजच्या पोळीला नको, हे मान्य.

आणि पहिल्या रविवारी अठरा पोळ्यांचा घाट घालू नका. पाव किलो पिठाच्या नऊ. मुलीच्या तीन, मुलाच्या छोट्या दोन पुऱ्या, बाकी मोठ्यांच्या. लाटणारा आणि भाजणारा यांचा वेग जुळायला तेवढ्या लागतात. पहिली पोळी तव्याची परीक्षा म्हणून धरा, तिच्यावरून आच कमी-जास्त करून मग पुढच्या.